शैक्षणिक पालकत्व घेताना: मुलाच्या घरची परिस्थिती नेमकी कशी असते? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तुम्ही कोण, आणि हे कशासाठी लिहिलंय?

आम्ही रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर भागातली दहा-बारा मराठी माणसं. बहुतेक निवृत्त. इंदूरमधल्या काही मुलांच्या शाळेचा खर्च वाटून घेतो. संस्था नाही, पाटी नाही, अध्यक्षही नाही. मी स्वतः बँकेत कॅशियर होते, म्हणून हिशेबाची वही माझ्या गळ्यात पडली. नवीन माणूस जोडला गेला की तेच प्रश्न फोनवर येतात, आणि ते प्रश्न मुलाविषयी कमी, मुलाच्या घराविषयी जास्त असतात. म्हणून एकदाच लिहून काढलं.

ही घरं कुठली?

तीन तऱ्हेची. पहिली झाबुआ, अलिराजपूर, धार, बडवानी, खरगोनकडून आलेली भिल्ल, भिलाला कुटुंबं. बांधकामावर येतात, इमारत उभी राहिली की पुढच्या साइटवर जातात, आणि काही मग नाल्याकाठी खोली घेऊन टिकतात. दुसरी जुनी इंदुरी घरं, गिरण्यांच्या काळातली. मालवा मिल, पाटणीपुरा या भागात आजोबा कामगार, बाप रिक्षावाला आणि नातू आमच्या यादीत, अशी घरं आहेत. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली आणि कामगारांची थकलेली देणी हातात पडायला डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. बत्तीस वर्षांत एक अख्खी पिढी शाळेत जाऊन बाहेर पडते.

तिसरी घरं आपलीच, म्हणजे मराठी बोलणारी. जळगाव, धुळे, बुलढाण्याकडून पोटासाठी आलेली. त्यांचा वेगळा त्रास पुढे सांगते. आपल्या गणपतीत आणि हळदीकुंकवात ती दिसत नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं की इंदूरचा मराठी माणूस म्हणजे नोकरदारच.

इंदूर तर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं. इथे अशा वस्त्या आहेत?

आहेत. स्वच्छ आणि सुखवस्तू हे दोन वेगळे शब्द आहेत. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत त्या वस्तीतही जाते. आणि खरं सांगायचं तर घरोघरून ओला-सुका वेगळा उचलला जाऊ लागल्यावर रस्त्यावरचं भंगार वेचून जगणाऱ्यांच्या पिशव्या हलक्या झाल्या. त्यातल्या काहींना वर्गीकरणाच्या शेडमध्ये काम मिळालं, बाकीच्यांनी दुसरं काही धरलं.

गंमत म्हणजे गरिबांच्या वस्त्या कशा सुधाराव्यात याचे दोन नामांकित प्रयोग आपल्याच गावात झाले आणि दोन्हींना आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. एक बाळकृष्ण दोशींची अरण्य वसाहत, पुरस्कार १९९५ चा. तिथे कमी उत्पन्नाच्या लोकांना बांधलेलं घर न देता जोतं, संडास आणि नळ-विजेची सोय असलेला प्लॉट दिला, वरचं घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं. दुसरा हिमांशु पारीख या अभियंत्याचा. वस्त्या बहुतेक नाल्याकाठी, उताराला असतात, तर त्याच उताराचा फायदा घेऊन गटारं, रस्ते आणि पाणी वस्त्यांमधून शहरभर जोडायचं. ब्रिटिश मदतीने झालेल्या त्या कामाला १९९८ चा पुरस्कार. पुढे देखभालीवरून त्यावर टीकाही भरपूर झाली. पण आज एखाद्या वस्तीत गल्ली फरसबंद असते आणि घरावर मात्र पत्रा असतो, याचं कोडं ज्यांना पडतं त्यांना हा मागचा धागा ठाऊक असावा. सुधारणा गल्लीत झाली, घरातली कमाई होती तिथेच राहिली.

घर आतून कसं असतं?

आमच्या यादीतल्या एका मुलीचं घर सांगते. नाव सांगणार नाही. दहा बाय दहाची खोली, वर पत्र्याची चद्दर, चद्दरीवर उडू नये म्हणून दोन टायर आणि एक फुटका पाटा. आत एक लोखंडी पलंग. पलंगाखाली सगळा संसार: धान्याची कोठी, ट्रंक, शाळेची दप्तरं. पलंगावर आजी आणि धाकटा, बाकी तिघं खाली. दाराशी निळा ड्रम. नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून उचलून इंदुरात येतं आणि आपल्याकडेही ते दिवसाआडच येतं, पण आपल्या घरी टाकी असते. तिच्याकडे ड्रम आहे, त्यामुळे ‘नर्मदा’ येण्याच्या वेळी घरातलं कुणीतरी एक माणूस घरीच असावं लागतं. वेळ सकाळची असली तर ते माणूस म्हणजे हीच मुलगी. तिच्या हजेरीपटावर दिवसाआड उशिराची खूण का दिसते, हे वर्गशिक्षिकेला वर्षभर कळलं नव्हतं. आम्हालाही ते ड्रम पाहिल्यावरच कळलं.

अभ्यास कुठे करते? पलंगावर, आजीच्या पायाशी, सगळे जेवल्यावर. उन्हाळ्यात चद्दर तापते, तेव्हा गल्लीतल्या दिव्याखाली.

महिन्याला कमावतात तरी किती?

हा प्रश्न सगळे विचारतात आणि मला तो विचारण्याची पद्धतच चुकलेली वाटते. ‘महिन्याला’ हा पगारदारांचा शब्द आहे.

याच घरातल्या आईला मी एक वही दिली होती. ती लिहीत नाही, मुलगी लिहायची, आई सांगायची. वडील बेलदारी, म्हणजे बांधकामावर मजुरी, करतात, रोज साडेपाचशे, काम मिळालं तर. फेब्रुवारीत बावीस दिवस काम लागलं, म्हणजे १२,१००. जुलैत पाऊस, नऊ दिवस लागलं, ४,९५०. आई तीन घरी झाडू-पोछा आणि भांडी करते, तिचे ३,७०० दर महिन्याला येतात. तेवढेच काय ते भरवशाचे. फेब्रुवारीत घरात आले १५,८००, जुलैत ८,६५०.

आता जाणारे पैसे. खोलीचं भाडं २,८००, समूह लोनचे (बायकांच्या गटाला मिळणारं कर्ज, पुढे सांगते) पंधरवड्याला १,१५० प्रमाणे २,३००. हे ५,१०० पाऊस बघत नाहीत. फेब्रुवारीत हे देऊन दहा हजारांच्या वर उरले. जुलैत उरले ३,५५०. पाच माणसं, एकतीस दिवस. रोजचे साधारण ११५ रुपये, माणशी तेवीस. त्यात गॅस, वीज, औषध आणि जेवण. दोन महिन्यांची सरासरी काढली तर १२,२२५ येते आणि कागदावर घर बरं दिसतं. सरासरीत कुणी उपाशी राहत नाही, जुलैत राहतं.

वहीतलं आणखी एक पान माझ्या डोक्यातून जात नाही. ‘तेल २०. चहापत्ती ५. साखर पाव. साबण १०.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘तेल २०’. आपण महिन्याचं सामान एकदम भरतो, पंधरा किलोचा डबा घेतला तर दुकानदार वरून सूट देतो. ती वीस रुपयांचं तेल पिशवीत बांधून आणते आणि तिला ते किलोमागे आपल्यापेक्षा महाग पडतं. गॅससुद्धा छोट्या टाकीत किलोवर भरून घ्यायचा. विजेचं मीटर घरमालकाचं, तो युनिटला लावेल तो भाव. म्हणजे कमी पैसेवाल्याला तीच वस्तू जास्त पैशांनी. कॅशियर म्हणून आयुष्य काढलं, पण हा हिशेब मी साठीनंतर शिकले.

म्हणून आमच्या गटाचा पहिला नियम रकमेचा नाही, तारखेचा आहे. पाचशे द्या, पण पाच तारखेला द्या आणि दर महिन्याला द्या. त्या घरात मोठी रक्कम अधूनमधून येतेच, दिवाळीला मालकीणबाई देतात, निवडणुकीत कुणी देतं. भरवशाने येणारं फारसं काही नसतं.

दिवसाला तीन डॉलर ही गरिबीची रेषा म्हणतात, म्हणजे अडीचशे रुपये झाले की! मग हे लोक फारच खाली?

डॉलरला बँकेच्या भावाने गुणू नका. जागतिक बँकेची २०२५ मध्ये ठरलेली तीन डॉलरची रेषा खरेदीशक्तीच्या हिशेबाने आहे. अमेरिकेत तीन डॉलरला जे मिळतं ते इथे जितक्या रुपयांत येतं तितके रुपये, आणि ते बँकेच्या भावापेक्षा पुष्कळ कमी भरतात. आमच्या यादीतली बहुतेक घरं फेब्रुवारीत त्या रेषेच्या वर असतात आणि जुलैत खाली. रेषेला महिना नसतो, ही तिची अडचण.

घरात टीव्ही दिसला, आईच्या हातात स्मार्टफोन होता. आपण फसलो तर नाही?

नाही. टीव्ही बहुधा कुणाच्या तरी घरून निघालेला जुना असतो. आणि फोन आज चैन नाही, तो मजुरीचा अड्डा आहे. ठेकेदार पहाटे फोन करतो, ‘चार माणसं घेऊन ये’. फोन नसेल तर चौकात उभं राहून वाट बघायची. रेशनची केवायसी, शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप, लाडली बहना या बायकांसाठीच्या सरकारी योजनेचे पैसे जमा झाल्याचा मेसेज, सगळं त्याच फुटक्या काचेवर. घरात एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर साइटवर जातो, ही खरी तक्रार. मुलीचा गृहपाठ रात्री नऊनंतर उघडतो.

सरकारी योजना एवढ्या आहेत. मग आपली गरज काय?

योजना खरंच आहेत आणि त्यांनी फरक पडलाय, हे आधी मान्य करू. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून फुकट. शाळेत दुपारचं जेवण. शिक्षणहक्क कायद्यात खासगी शाळांच्या पंचवीस टक्के जागा. लाडली बहना २०२३ मध्ये महिना हजार रुपयांनी सुरू झाली, पुढे रक्कम वाढली. आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत इस्पितळ. उपाशी झोपण्याचे दिवस या घरांत आजीच्या आठवणीत जेवढे आहेत तेवढे नातीच्या आठवणीत नाहीत.

अडतं ते दारात. मध्य प्रदेशात समग्र आयडीशिवाय, म्हणजे राज्य सरकारच्या कुटुंब-ओळख क्रमांकाशिवाय, पान हलत नाही. त्यातलं नाव, आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव तीन तऱ्हेचं. रेशनच्या दुकानात अंगठा लावावा लागतो, आणि सिमेंट कालवून किंवा वीस वर्षं भांडी घासून बोटावरच्या रेषाच गेलेल्या असतात. मशीन ‘नाही’ म्हणतं. मी स्वतः एका बाईबरोबर रांगेत उभी होते. तिने पदराला बोट पुसलं, मग ओलं केलं, मग दुसऱ्या हाताचं लावलं. पाचव्यांदा लागलं. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, ‘तेल लगा के आया करो.’

मराठी घरांचा त्रास इथेच येतो. अनुसूचित जाती-जमातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीपासून या राज्यात राहत असल्याचा पुरावा लागतो. बुलढाण्याहून वीस वर्षांपूर्वी आलेल्याचा दाखला महाराष्ट्राचाच धरतात, इथल्या सवलतींना तो चालत नाही. आंबेडकरांच्या जन्मगावी, महूला, १४ एप्रिलला लाखांनी माणसं लोटतात, त्यातच अशी घरंही असतात, आणि त्यांच्या पोरांची शिष्यवृत्ती गावच्या तहसीलमध्ये अडकलेली असते.

आणखी एक, जे फार थोड्यांना ठाऊक आहे: बाप गेलेल्या, टाकलेल्या किंवा गंभीर आजारी पालकांच्या मुलांसाठी केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये ‘स्पॉन्सरशिप’ आहे, मुलामागे महिना ४,००० रुपये. शहरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९६,००० च्या आत हवं. आम्ही एखादं नवं घर घेण्याआधी ते यात बसतं का बघतो. बसत असेल तर अर्ज भरून द्यायला सोबत जातो, आणि आपले पैसे न बसणाऱ्या घराला ठेवतो. अर्जाला वेळ लागतो, चपला झिजतात. पण चार हजार म्हणजे आपल्या आठ माणसांचं पाकीट.

समूह लोन म्हणजे काय? ते कर्ज काढतातच कशाला?

आठ-दहा बायकांचा गट, एकमेकींची हमी, तारण नाही, आठवड्याला किंवा पंधरवड्याला हप्ता. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना असं कर्ज मिळतं आणि सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. नियम महिन्याच्या उत्पन्नावर आहे. ते कुठलं धरायचं, फेब्रुवारीचं की जुलैचं, याचं उत्तर हप्ता मागायला येणाऱ्या पोराकडे नसतं. हप्ता चुकला तर बाकीच्या बायका दारात येऊन बसतात, म्हणून तो चुकत नाही. त्यासाठी सावकाराकडून घेतात, शेकडा पाच रुपये महिना, म्हणजे वर्षाला साठ टक्के.

काढतात ते लग्नाला, बाळंतपणाला, आजारपणाला, गावाकडे विहिरीची मोटर जळली म्हणून. लग्नाच्या कर्जावर आपल्याकडची मंडळी फार नाक मुरडतात. आपल्या पोरांची लग्नं आपण सत्यनारायण घालून दोनशे रुपयांत उरकली होती का?

आजारपण आलं तर?

एमवाय या मोठ्या सरकारी इस्पितळात उपचार फुकट, पण मजुरी बुडते. आयुष्मान कार्ड भरती झाल्यावर चालतं. रोजच्या गोळ्या, तपासण्या, रिक्षा हे खिशातून. निमाड-झाबुआकडच्या मुलांत सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच असतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला आपल्याच राज्यात, शहडोलला सुरू झाली. मूल वारंवार सांधे दुखतात म्हणत असेल तर आळशी म्हणू नका, रक्त तपासा. अलिराजपूर-झाबुआच्या काही घरांत वडील नसण्याचं कारण वेगळं आहे: गुजरातेत गोध्रा-बालासिनोरकडे दगड दळण्याच्या कामावर गेलेली माणसं फुप्फुसात धूळ घेऊन परत आली. त्याला सिलिकोसिस म्हणतात. औषध नाही.

आपले पैसे वडील दारूत घालत नाहीत ना?

फी आम्ही थेट शाळेत भरतो, पुस्तकं-गणवेश दुकानात. घरी रोख देत नाही. पण या प्रश्नातला सूर मला आवडत नाही. पिणारे आहेत, न पिणारेही आहेत, आपल्या सोसायटीत आहेत तसेच.

एकाच मुलाची फी भरतो. भावंडांचं काय?

यावर आमच्यात भांडणं झाली आहेत. सुरुवातीला ‘हुशार मूल’ निवडायचो. एका घरी मोठ्या मुलीची फी आम्ही भरत होतो, आणि तिच्या धाकट्याला कळलं की दप्तर नवं फक्त ताईला. त्याने ते ड्रममध्ये टाकलं. पाण्याच्या ड्रममध्ये, भरलेल्या. आई त्याला मारायला धावली आणि मधेच थांबून रडायला लागली. तेव्हापासून आम्ही मूल घेत नाही, घर घेतो. एकाची फी आणि बाकीच्यांच्या वह्या-चपला तरी. कमी घरं होतात, होऊ देत.

मुलगी होळीच्या आधी आठवडाभर शाळेत नव्हती. आपण फी भरतो आणि हे गावी?

भगोरिया असणार, म्हणजे आदिवासींची जत्रा. होळीच्या आधीच्या आठवड्यात झाबुआ, अलिराजपूर, धार, बडवानी, खरगोनच्या बाजारांत भरतो. त्या दिवसांत गंगवाल बसस्टँडवर जाऊन बघा, बसच्या टपावरसुद्धा जागा नसते. आपण दिवाळीला पुण्याला जातो ना? तसंच. पेरणीच्या वेळची गैरहजेरी मात्र निराळी, ती मजुरीची असते, आणि तिच्याबद्दल आईशी बोलावं लागतं. अक्षय्य तृतीयेच्या आसपास चौदा-पंधरा वर्षांची मुलगी गावी गेली आणि परतली नाही, तर मात्र लगेच मला कळवा, लग्नाची शंका असते.

याने खरंच फरक पडतो का?

पडतो, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा नाही. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रायोजकत्व योजनेचा अभ्यास ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. युगांडा, केनिया, ग्वाटेमाला, बोलिव्हिया, फिलिपिन्स आणि भारत हे सहा देश होते. मदत मिळालेली मुलं न मिळालेल्यांपेक्षा साधारण एक ते दीड वर्ष जास्त शिकली. ऐकायला थोडं वाटतं. पण नववीऐवजी दहावी गाठली की दुकानात हिशेबाला बसता येतं.

आपल्याला हे काही नवीन नाही. माधुकरी मागून, वार लावून शिकलेली माणसं आपल्या घराण्यांत होती. सोमवारी जोशांकडे, मंगळवारी लेल्यांकडे जेवायचं. त्या पद्धतीत एक गोष्ट पक्की होती: वार. आज वाटलं म्हणून जेवायला घातलं, असं नव्हतं. अर्थात ती पंगत जातीने बांधलेली होती, हे विसरून तिचं कौतुक करण्यात अर्थ नाही.

दुसरं उदाहरण महूत जन्मलेल्या भीमराव आंबेडकरांचं. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना कोलंबियाला शिकायला तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंड दिले, बदल्यात दहा वर्षं नोकरीचा करार. ते तिकडे ग्रंथालयात, इकडे मुंबईत रमाबाई ओढगस्तीत घर चालवत होत्या. १९१७ मध्ये ते करारानुसार बडोद्याला रुजू झाले, तर जातीमुळे राहायला जागा कुणी देईना. पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढलं, आणि नोकरी सोडावी लागली. शिष्यवृत्ती एका माणसाला मिळते. त्याचं घर आणि त्याचं गाव तेच राहतं.

घरी भेटायला जाऊ का? फोटो काढू का?

जा, पण माझ्याबरोबर आणि आधी विचारून. कामाच्या वेळी नको, पाण्याच्या वेळी तर नकोच. चहा देतील, घ्या. दूध उसनं आणलेलं असतं, नाही म्हटलं तर ते वाया जातं आणि मनही. स्वयंपाकाच्या भांड्यात डोकावू नका, ‘आज भाजी काय?’ विचारू नका. एकदा शेवेची भाजी बघून आमच्यातल्या एकींनी ‘अय्या, नमकीनची भाजी?’ असं म्हटलं. माळव्यात शेव-टमाटर श्रीमंताच्या ताटातही असते, पण त्या आईचा चेहरा उतरला तो उतरलाच.

फोटो नाही. ही चूक मी केली आहे. चेक हातात धरलेल्या मुलीचा फोटो ग्रुपवर टाकला, तो फिरत फिरत तिच्या वर्गातल्या मुलाच्या आईपर्यंत गेला. मुलीने दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं. तिचं बरोबर होतं.

जुने कपडे देऊ का?

धुतलेले, बटणं असलेले, स्वतःच्या नातवाला घालाल असे असतील तर. साड्या नकोत, खूप झाल्या. चांगल्या स्थितीतली शाळेची काळी पादत्राणं मात्र कधीही.

मुलगा अमेरिकेत आहे, तो पैसे पाठवू शकेल? करात सूट मिळेल?

त्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल, तर कायद्याने ती विदेशी मदत धरत नाहीत. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) असलं तरी, ती विदेशी ठरते आणि एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी नसलेल्याला घेता येत नाही. आमच्याकडे ती नाही, म्हणून घेत नाही. करसवलतीसाठी लागणारी ८०जीची पावतीही आमच्याकडे नाही. सूट हवी असेल तर नोंदणी असलेल्या संस्थेला द्या. दोन हजारांवर रोख दिलेत तर तिथेही सूट नाही, आणि नव्या करप्रणालीत तर मुळातच नाही.

मला मध्येच थांबवावं लागलं तर?

सहा महिने आधी सांगा. फक्त एवढंच. का, ते माझ्याच चुकीवरून सांगते. एका एप्रिलात आमच्या खात्याची कागदपत्रं बदलायची होती, मी ती आज-उद्या करत राहिले आणि शाळेचे सहा हजार जूनमध्ये भरले गेले. मुलीच्या आईने तोवर वाट पाहिली नव्हती. शाळेतून निरोप आल्यावर तिने एप्रिलातच सावकाराकडून सहा हजार आणून भरले, शेकडा पाचने. आमचे जूनचे पैसे पुढच्या सत्राला लागले आणि ते कर्ज दिवाळीपर्यंत राहिलं. सात महिने, महिना तीनशे, २,१०० रुपये. तिने मला काही सांगितलं नाही. वहीत ‘ब्याज ३००’ असं सात वेळा लिहिलेलं सापडलं, मुलीच्या अक्षरात.

तुम्ही ‘पालक’ म्हणता, ते खटकत नाही का?

खटकतं. पालक तिचे आई-बाप आहेत. दुसरा बरा शब्द सापडला तर कळवा.

मुलीला पत्र मराठीत लिहू का?

हिंदीत लिहिलेलं बरं. पण एक काकू हट्टाने मराठीत लिहितात. लिपी एकच, त्यामुळे मुलगी अर्थ कळो न कळो, घडाघडा वाचते. मी एकदा तिथे होते. खरगोनकडचं घर, आजी पलंगावर. ‘शाळेत वेळेवर जातेस ना’ या वाक्याला मुलगी अडखळली. ‘ये कौन सा अक्षर है?’ शाळेच्या हिंदी पुस्तकात ‘ळ’ नाही. मी म्हणून दाखवलं. पलंगावरून आजी म्हणाली, ‘अरे, ये तो अपणो छे,’ आणि निमाडीत चार शब्द सांगितले, चारहींत ‘ळ’. मुलीने ते पत्राच्या मागे लिहून घेतले, चारही वेळा ते अक्षर थोडं वाकडं, पण निरनिराळ्या तऱ्हेने वाकडं.